द सायलेंट वर्ल्डची डीव्हीडी : कुस्तोसाठी घेतली, लक्षात राहिला लुई माल

द सायलेंट वर्ल्ड म्हणजे फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तोची १९५६ ची समुद्राखालची डॉक्युमेंटरी. तिची डीव्हीडी हातात येऊन महिना झाला, तेवढ्यात पाच वेळा बघून झाली, दोनदा एकट्याने, एकदा आमच्या डायव्हिंगच्या पोरांबरोबर, एकदा काकांबरोबर आणि शेवटी परत एकट्याने नुसते शॉट वहीत उतरवून घ्यायला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घ्या, नक्की घ्या. पण ज्या कारणासाठी बहुतेक लोक हा पिक्चर घेतात, म्हणजे समुद्राखालचं जग, मासे, प्रवाळ वगैरे, त्यासाठी मी सांगत नाहीये. मी सांगतोय तो त्यात काम केलेल्या लुई माल नावाच्या एका पोरासाठी, जो कुस्तोच्या बोटीवर चढला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि पिक्चर कान्सच्या फिल्म महोत्सवाला गेला तेव्हा तेवीस.

खरेदीचं आधी उरकतो. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली त्याने पहिल्यांदा चुकीची पाठवली, इंग्रजी निवेदनवाली, सबटायटल नाहीत, वर डबी एका कोपऱ्यात फुटलेली. परत केली, पैसे अडकले, तीन फोन केले, मग बारा दिवसांनी बरोबरवाली आली, मूळ फ्रेंच आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं. मागवताना एवढं नीट बघून मागवा. इंग्रजी आवाजात सगळं शाळेत दाखवायच्या फिल्मसारखं वाटतं, फ्रेंच ऐकलं की ही एकाच बोटीवर महिनोन्महिने एकत्र जेवलेली-भांडलेली माणसं आहेत हे भाषा न कळताही कळतं. चित्राचं म्हणाल तर माझ्या डिस्कवर निळा थोडा हिरव्याकडे झुकलाय आणि खोल पाण्यातल्या शॉटला दाणे दिसतात. जास्तीचं काहीच नाही, मुलाखत नाही, माहितीपत्रक नाही. ८६ मिनिटांचा पिक्चर आणि संपलं.

मी मालवणचा. सीझनला स्कूबासाठी येणाऱ्या टुरिस्टचे पाण्याखालचे व्हिडिओ काढतो, पावसात काम बंद. आमच्याकडे चांगल्या दिवशीसुद्धा चार हातांवरचा माणूस धूसर दिसतो, गाळ उठला की तेवढाही नाही, आणि पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल रंग विझायला लागतो, रक्तसुद्धा काळपट हिरवं दिसतं. हे रोज बघणाऱ्या माणसाला या पिक्चरचा पहिला शॉट कसा वाटला असेल विचार करा. डायव्हर एकामागून एक खोल उतरतायत, हातात पेटत्या मशाली, पाण्यात जळणाऱ्या, आणि मशालींचा धूर बुडबुड्यांचे खांब होऊन वर चाललाय. पुढे त्यांनी बोटीवरून केबल सोडून मोठे दिवे खाली नेलेत, आणि दिवा पेटला की काळ्या-निळ्या भिंतीवर एकदम लाल आणि केशरी उमटतं, जे तिथे हजारो वर्षं होतं पण कोणी बघितलं नव्हतं. १९५४-५५ ला हे शूट झालंय. आज माझ्याकडे मुठीत मावणारा कॅमेरा आहे आणि मला अजून असा शॉट जमलेला नाही.

आता तो पोरगा. लुई माल, जन्म १९३२ चा, उत्तर फ्रान्समधल्या साखर कारखानदारांच्या श्रीमंत घरातला. घरच्यांच्या मनासारखं आधी राज्यशास्त्र शिकायला गेला, मग ते सोडून पॅरिसच्या इडेक या सिनेमाच्या शाळेत. तिथे जाक कुस्तो आला, त्याला उन्हाळ्यापुरता बोटीवर मदतीला एक विद्यार्थी हवा होता. माल गेला आणि एका उन्हाळ्याची दोन-अडीच वर्षं झाली. मला हे सगळ्यात जास्त भिडलं कारण आपल्याकडे पोरं आधी विचारतात सर्टिफिकेट मिळेल का, पगार किती, क्रेडिट येईल का, आणि तो बोट सुटली तेव्हा बोटीवर होता एवढंच. त्याला पुढे जे क्रेडिट मिळालं ते कुस्तोच्या बरोबरीने दिग्दर्शकाचं होतं.

बोट म्हणजे कॅलिप्सो. हिच्याबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे कारण पिक्चरमधलं अर्धं जग तीच आहे. लाकडी, साधारण ४२ मीटर लांब, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेली आणि ब्रिटिश नौदलाने समुद्रातले सुरुंग काढायला वापरलेली. युद्ध संपल्यावर माल्टा ते गोझो अशी प्रवासी फेरी करायची. १९५० ला गिनेस घराण्यातल्या एका श्रीमंत माणसाने विकत घेतली आणि कुस्तोला वर्षाला १ फ्रँक भाड्याने दिली. कुस्तोने पुढच्या टोकाला पाण्याच्या पातळीखाली खिडक्यांची एक खोली बसवून घेतली, तिच्यात पालथं पडून चालत्या बोटीतून समोरचं पाणी शूट करता येतं. पिक्चरमध्ये तिथून काढलेले डॉल्फिनचे शॉट आहेत, बोटीच्या नाकापुढे पळणारे, ते बघताना मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसलो होतो. पण बोट काही नुसती सिनेमासाठी फिरत नव्हती, डिझेलचे पैसे कुठूनतरी यायला लागतात. १९५४ ला तिने अबू धाबीजवळच्या समुद्रात तेल शोधणाऱ्यांसाठी तळाचे दगड गोळा करून दिले, डायव्हर खाली उतरून हातोडीने फोडून आणायचे. ज्याला डॉक्युमेंटरी करायचीय त्याने हे लक्षात ठेवावं, मी टुरिस्टचे व्हिडिओ काढतो याचं मला तेव्हापासून वाईट वाटत नाही.

फिरले कुठे कुठे, तर भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचं आखात, मग खाली हिंदी महासागरात सेशेल्सच्या बाजूला. तांबड्या समुद्रातला बुडालेल्या जहाजाचा भाग मला सगळ्यात आवडला. थिसलगॉर्म नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज, ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून बुडवलेलं, आत ट्रक, मोटरसायकली, लढाईचं सामान. आज ते जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध डायव्हिंग जागांपैकी एक आहे आणि आमच्या फील्डमधला प्रत्येक जण तिथे जायचं स्वप्न बघतो, पण इथे डायव्हर गेलाय तेव्हा जहाज बुडून जेमतेम १४ वर्षं झालीत. म्हणजे त्या जहाजावरच्या खलाशांच्या बायका-पोरं तेव्हा कुठेतरी जिवंत असणार. डायव्हर आत शिरतो, गंजलेल्या दारातून, मासे बाजूला होतात, आणि जहाजाची घंटा सापडते. कॅमेऱ्याला कसलीच घाई नाही, तो डायव्हरच्या मागे मागे त्याच्याच श्वासाच्या वेगाने जातो. मी व्हिडिओ एडिट करताना तीन सेकंदांच्या वर शॉट ठेवत नाही कारण टुरिस्टला तसंच हवं असतं, त्या रात्री पहिल्यांदा मला माझ्या तीन सेकंदांचा राग आला.

नुसती शोभा नाही यात, कामाचंही दाखवलंय. शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडायला गेलेला डायव्हर वर येताना घाई करतो, गुडघा दुखायला लागतो, मग त्याला लोखंडी टाकीत बंद करून आतला दाब वाढवतात आणि बाकीचे बाहेर बसून शेवंडी खातात. खोलवर दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन, वर येताना सावकाश आला नाही तर सांध्यात बुडबुडे होतो, आम्ही नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. हा प्रसंग मला तरी मांडून घेतलेला वाटतो, कॅमेरा आधीपासून बरोबर जागी आहे, माणसं जरा जास्तच नीट उभी आहेत. आणि असं पिक्चरमध्ये तीन-चार ठिकाणी वाटतं. ते धरून ठेवा, पुढे त्याचा विषय येतोय.

ॲझम्प्शन नावाच्या बेटाजवळचा गोबरा तर आमच्या पोरांनी तीन वेळा मागे करून बघितला. गोबरा म्हणजे ग्रुपर मासा, हा भलामोठा, त्याला डायव्हरनी जोजो नाव दिलंय, इंग्रजीत त्याचा युलिसिस झालाय. हातातून खायला शिकला आणि मग इतका लाडावला की प्रत्येक शॉटमध्ये मधे मधे, शेवटी काम होईना म्हणून त्यालाच शार्कपासून वाचायच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवलं, काम झाल्यावर सोडला. संगीताच्या तालावर डायव्हरबरोबर गोल गोल फिरतो तो. खायला घालून जंगली माशाला सवय लावायची नाही हे आज आम्ही टुरिस्टला ओरडून सांगतो, तरी तो प्रसंग बघताना सगळी पोरं हसत होती आणि मीही.

आणि आता जे लिहायचंय ते. हा पिक्चर लहान मुलांना एकट्याने बघायला देऊ नका. प्रवाळाच्या खडकावर डायनामाइट फोडतात, कारण काय तर तिथे किती प्रकारचे मासे आहेत ते मोजायचंय. पाणी उसळतं, मग किनाऱ्यावर मेलेले मासे ओळीने मांडलेले, आणि एक केंड मासा फुगलेल्या अवस्थेत हळूहळू मरतो आणि कॅमेरा त्याच्यावर थांबून राहतो. बेटावरच्या मोठ्या कासवांच्या पाठीवर माणसं बसतात. वेळासला आणि आमच्या वायंगणीला कासवाच्या पिल्लांसाठी रात्र रात्र जागणारी माणसं आहेत, त्यांना हे बघवणार नाही. खरं तर त्याच बेटावर रात्री अंडी घालायला आलेल्या कासवीचा प्रसंगही आहे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, किती मायेने काढलाय, आणि तीच माणसं असं वागतात हे डोक्यात बसत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे देवमाशाचं पिल्लू. स्पर्म व्हेलचा कळप दिसतो, बोट त्यांच्यात घुसते, एका पिल्लाला बोटीचा पंखा लागतो. रक्त. त्याला आता वाचवता येत नाही म्हणून भाला मारून आणि मग गोळी घालून संपवतात. रक्ताच्या वासाने शार्क येतात आणि पिल्लाचे लचके तोडायला लागतात, पिंजऱ्यातून ते शूट केलंय, आतापर्यंत कोणी शूट केलं नसेल इतक्या जवळून. आणि मग बोटीवरच्या माणसांचं टाळकं फिरतं. आकड्यांनी शार्क वर ओढतात, कुऱ्हाडीने मारतात, एक नाही, कित्येक. निवेदन सांगतं की शार्क हा डायव्हरचा जन्माचा वैरी, जगभरचे खलाशी त्याचा द्वेष करतात.

हा भाग मी काकांबरोबर बघत होतो. काका आयुष्यभर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, गेलेत, मोरी म्हणजे शार्क, ती त्यांनी शेकड्यांनी बघितली असेल आणि आमच्या घरी मोरीचं मटण सगळे चवीने खातात, त्यामुळे मासा मारला म्हणून हळहळणारं हे घर नाही. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पिल्लाक धक्को कोणी मारल्यान? ह्यांच्याच बोटीन. मगे मोरयेंवर राग कित्याक?" आणि उठून बाहेर जाऊन बसले. परत आलेच नाहीत उरलेलं बघायला. रात्री जेवताना म्हणाले की खायला मारणं वेगळं, रागाने मारणं वेगळं, आणि रात्री एलईडी दिवे लावून मासेमारी करत सगळा समुद्र उपसणारे तरी दुसरं काय करतात. माझ्या कानात ते अजून आहे.

म्हणून मी तारे कापू का? पाचपैकी किती द्यायचे यावर मी आठवडाभर अडकलो होतो. मला वाटतं हा भाग कापून टाकला असता तर पिक्चर जास्त गोड झाला असता आणि जास्त खोटा. १९५४-५५ मध्ये समुद्रावर जिवापाड प्रेम करणारी माणसं असं वागत होती हे त्यांनीच स्वतःवर कॅमेरा लावून ठेवलंय. कुस्तो पुढे बदलला, १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायच्या बेताविरुद्ध उभा राहिला, आणि नंतरचं आयुष्य समुद्र वाचवा सांगण्यात घालवलं. पण माझा विषय कुस्तो नाही.

मालचं काय झालं ते सांगतो. खोल डायव्हिंगने त्याच्या कानाचे पडदे फाटले आणि पाण्याखालचं काम संपलं. कानातला दाब सारखा न होता खाली जाणं म्हणजे काय दुखतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. पिक्चर १९५६ ला कान्सला गेला आणि थेट तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, पाल्म दॉर, मिळाला, पुढच्या वर्षी ऑस्कर. त्याच कान्सला सत्यजित राय यांच्या पथेर पांचालीलाही सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज असा पुरस्कार मिळाला होता, मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, एक पोरगा समुद्राखालून येतोय आणि एक जण बंगालच्या खेड्यातून, दोघंही पहिल्याच मोठ्या पिक्चरसह. आणि या पिक्चरचा कॅमेरामन एदमाँ सेशाँ, त्याने शूट केलेल्या लाल फुग्याच्या छोट्या पिक्चरलाही त्याच वर्षी कान्सचं बक्षीस होतं. डॉक्युमेंटरीला पाल्म दॉर परत मिळायला त्यानंतर २००४ उजाडलं.

तेवीसाव्या वर्षी एवढं मिळाल्यावर कोणीही पाण्याखालचे आणखी चार पिक्चर केले असते. माल रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या हाताखाली सहायक म्हणून गेला, म्हणजे परत शिकायला. मग फीचर पिक्चर केले, नाव झालं, आणि बारा वर्षांनी, जानेवारी १९६८ मध्ये, सगळं बाजूला ठेवून भारतात आला. बरोबर फक्त दोन माणसं, कॅमेऱ्याला एतिएन बेकर आणि आवाजाला जाँ-क्लोद लोरो. स्क्रिप्ट नाही, लाइट नाहीत, काही मांडून घ्यायचं नाही, समोर येईल ते. मेपर्यंत फिरले. त्यातून कलकत्त्यावर एक पिक्चर आणि फँटम इंडिया ही सात भागांची मालिका झाली, शेवटचा भाग आपल्या मुंबईवर आहे, त्यात पारशी आहेत, तेव्हा नवीन असलेली शिवसेना आहे. बीबीसीने ती दाखवल्यावर १९७० मध्ये आपल्या सरकारने बीबीसीचं दिल्लीचं ऑफिस बंद केलं होतं. मुंबईचा भाग बघून मलाही काही ठिकाणी राग आला, आपल्याबद्दल परक्या माणसाने इतक्या खात्रीने बोलावं का असं वाटलं, पण ते वेगळं लिहीन.

इथे सांगायचंय ते एवढंच की त्या मालिकेच्या सुरुवातीला एक मेलेली म्हैस आहे आणि तिच्यावर गिधाडं. कुत्री येतात, गिधाडं ढकलाढकली करतात, आत चोची घालतात, आणि कॅमेरा नुसता बघतोय. खूप वेळ. मग माल निवेदनात कबूल करतो की आम्हाला हे मोठं भयानक नाटक वाटलं, बरोबरच्या भारतीय माणसाला त्यात विशेष काही वाटलं नाही, हे रोजचंच.

मी तिथे थांबवलं आणि मागे जाऊन परत कॅलिप्सोवरचा तो भाग लावला. मेलेलं जनावर, ते खायला आलेले प्राणी, आणि कॅमेऱ्यामागे तोच माणूस. एकदा कुऱ्हाडी, एकदा गप्प बसणं. हे त्याने मुद्दाम केलं असेल की त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसेल, मला काही म्हणायचं नाही, पण मधली बारा वर्षं तो काय शिकला ते मला या दोन प्रसंगांत दिसलं, कुठल्याही पुस्तकात दिसलं नसतं. आमच्या क्लासला शिकवायचे की डॉक्युमेंटरीवाल्याने विषयात पडू नये. असं सांगून कळत नाही. तो कुऱ्हाडीवाल्यांच्या बोटीवर राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, ते शूट केलं, कापलं, पडद्यावर आणलं, टाळ्या घेतल्या, आणि मग कधीतरी त्याचा कॅमेरा थांबायला शिकला.

रापणीवरच्या माझ्या डॉक्युमेंटरीचं सांगतो, कारण डीव्हीडीचा उपयोग विचाराल तर हाच. दोन वर्षं डोक्यात होती, मी प्रश्नांची यादी करून काकांना खुर्चीवर बसवून मुलाखत घेणार होतो, मागे होडी दिसेल अशी. काका तशा मुलाखतीला तयार नव्हते, मला वाटायचं लाजतायत. गेल्या मंगळवारी यादी घरी ठेवली आणि पहाटे नुसता कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसलो. जाळं ओढेपर्यंत काहीच झालं नाही, चाळीस मिनिटांचं फुटेज आहे, त्यात काका दोरी हातात घेऊन पाण्याकडे बघत उभे आहेत. मी कापलं नाहीये अजून.

तर घ्यायची असेल त्यांच्यासाठी. साडेचार तारे, अर्धा डिस्कवर जास्तीचं काही नाही म्हणून कापला. फ्रेंच आवाजवालीच घ्या. मोठ्या पडद्यावर आणि अंधारात बघा, मोबाईलवर मशालींचा शॉट वाया जातो. मुलं बरोबर असतील तर जहाज आणि गोबरा दाखवा, डायनामाइट आणि देवमाशाचा भाग त्यांच्याशेजारी बसून, विचारलं तर उत्तर द्यायची तयारी ठेवून. आणि कोणाकडून फँटम इंडियाचा सेट मिळाला तर हा संपल्या संपल्या लगेच त्याचा पहिला भाग लावा, मधे चहाला उठू नका. माझ्याकडे आहे, मालवणात असाल तर येऊन बघून जा, फक्त पावसाळ्यात या, बाकी वेळ मी पाण्यात असतो.